स्टेंट की बायपास? अँजिओग्राफीनंतरचा निर्णय समजून घेताना

अँजिओग्राफी सुरू होऊन अर्धा तास झालेला असतो. कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीचं, दार उघडतं आणि बाहेर बसलेल्या मुलाला किंवा बायकोला आत बोलावतात. स्क्रीनवर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या हलताना दिसतात, त्यातली एक मध्येच सुतासारखी बारीक झालेली असते. "इथे नव्वद टक्के ब्लॉक आहे. पेशंट टेबलवरच आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ या का?" किंवा, "तिन्ही नळ्या खराब आहेत, बायपास करावी लागेल." हातात संमतीचा कागद, गावाकडून फोनवर फोन, आणि विचार करायला जेमतेम पाच मिनिटं.

आपल्याकडे बहुतेक घरांत एवढा मोठा निर्णय असाच होतो. ती पाच मिनिटं येण्याआधी हे सगळं निवांतपणे वाचून ठेवलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

अटॅक आत्ता चालू आहे का?

सगळ्यात आधी हे बघायचं. छातीत असह्य दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, ईसीजीत मोठा अटॅक दिसतोय, तर स्टेंट की बायपास ही चर्चाच करायची नसते. एक नळी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि तिच्या रक्तावर जगणारा हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. ती नळी लवकरात लवकर उघडायची, आणि हे काम अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडून तिथे जाळीचा स्टेंट बसवणं, सगळ्यात चांगलं करते. कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून साधारण दीड तासाच्या आत नळी उघडली पाहिजे, असा दंडक आहे. तालुक्याच्या गावी असाल आणि दोन तासांत तशी सोय मिळणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात घ्यायचं आणि मग मोठ्या शहराकडे निघायचं. गोव्यात सरकारने याच तत्त्वावर जाळं उभं केलंय: जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी, तिथेच इंजेक्शन, पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. अशा वेळी डॉक्टर सही करा म्हणाले तर सही करा. पुण्याच्या काकांना विचारतो, मुंबईहून मेव्हणे येऊ देत, यात गेलेला वेळ भरून निघत नाही.

ज्याला लोक 'छोटा अटॅक' म्हणतात, त्यात रुग्णाला भरती करून औषधं सुरू करतात. प्रकृती स्थिर असेल तर निर्णयासाठी एखाद-दुसरा दिवस हाताशी असतो.

पण चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, हे काही महिने असंच चाललंय, स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला म्हणून अँजिओग्राफी केली, अशा माणसाची गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा त्याला टेबलावरून उतरून, घरी जाऊन, दोन डॉक्टरांशी बोलून ठरवण्याइतका वेळ असतो. पुन्हा कॅथलॅबमध्ये जावं लागलं तर खर्च थोडा वाढतो, मनगटाला पुन्हा सुई लागते. त्या बदल्यात हृदयाच्या सर्जनचं मत मिळतं, आणि ते फार मोलाचं असतं. लेफ्ट मेन म्हणजे डावीकडची मूळ नळी फारच अरुंद असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर मात्र डॉक्टर घरी सोडणार नाहीत. त्यांचं ऐकावं. आणि तसं काही असेल तर ते तुम्हाला स्पष्ट सांगतील.

टेबलावर काय होतं, ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं

अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची तार ब्लॉकच्या पलीकडे सरकवतात. तारेवरून फुगा जातो, फुग्यावर जाळीचा स्टेंट आवळून बसवलेला असतो. फुगा बारा-चौदा अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने फुगवला की चरबीचा थर बाजूला दाबला जातो आणि जाळी नळीच्या भिंतीत रुतून बसते. फुगा फुगलेला असतो तेवढे काही सेकंद छातीत दाटून येऊ शकतं. रुग्ण जागाच असतो. एक-दोन दिवसांत घरी, आठवड्याभरात कामावर.

ही पद्धत आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी शोधली. सुरुवातीचे फुगे त्यांनी झुरिकमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर बनवले होते. १६ सप्टेंबर १९७७ ला त्यांनी एका ३८ वर्षांच्या जाग्या रुग्णाच्या हृदयाची नळी फुग्याने उघडली. तेव्हा स्टेंट नव्हते. नुसत्या फुग्याने उघडलेली नळी साधारण तिघांतल्या एकाची काही महिन्यांत परत आकसायची. १९८६ मध्ये स्टेंट आले, २००२ च्या सुमारास औषधाचा लेप असलेले स्टेंट आले, आणि नळी परत आकसण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. आज जे टाकतात ते जवळजवळ सगळे औषधी स्टेंटच असतात.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून हृदय उघड्यावर आणतात. छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूने एक धमनी खाली जाते, डॉक्टर तिला 'लिमा' म्हणतात. ती भिंतीपासून अलगद सोडवतात. तिचं वरचं टोक तसंच ठेवतात आणि खालचं टोक हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला, म्हणजे एलएडीला, ब्लॉकच्या पलीकडे जोडतात. बाकीच्या नळ्यांसाठी पायातली शीर किंवा हातातली धमनी वापरतात. पायातल्या शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून बसवावी लागते. ज्या नळीला हे टाके घालायचे तिचा व्यास दीड-दोन मिलिमीटर आणि धागा केसाइतका बारीक, म्हणून सर्जन डोळ्यांवर भिंगं लावून शिवतात. आपल्याकडचे बरेच सर्जन हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावरच हे करतात. बाकीचे हृदय-फुप्फुसाच्या मशीनवर करतात. अनुभवी हातांत दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, त्यामुळे सर्जनला जी सरावाची आहे ती करू द्यावी. पायातली शीर वापरून बायपास रुळवण्याचं श्रेय रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनला जातं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९६७ साली त्यांनी ती सुरू केली.

खरा फरक कुठे आहे

"दोन्हींचा उद्देश एकच, मग छाती कशाला फाडायची?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. उत्तर समजायला शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाट आहे आणि वरच्या अंगाला तो जागोजागी गाळाने भरत चाललाय. एका जागचा गाळ काढला की पाणी वाहू लागतं. पण दोन वर्षांनी चार हात पुढे परत गाळ साचला की शेवटचा वाफा पुन्हा कोरडा. त्याऐवजी विहिरीपासून स्वतंत्र पाइप आणून थेट खालच्या अंगाला सोडला, तर वरच्या पाटात पुढे कितीही गाळ साचला तरी त्या वाफ्याला फरक पडत नाही.

स्टेंट आज दिसणारा एक ब्लॉक उघडतो. बायपास नळीच्या सगळ्या रोगट भागाला वळसा घालते, म्हणजे आज दिसणारा ब्लॉक आणि त्याच पट्ट्यात उद्या होऊ शकणारे ब्लॉक, दोन्हींपासून पलीकडच्या स्नायूला वाचवते. हृदयाच्या नळ्यांत चरबी बहुतेक वेळा वरच्या भागात साचते आणि बायपासचा जोड त्याच्या खाली असतो, म्हणून हे साधतं. शिवाय लिमा ही धमनी विलक्षण आहे. तिच्यात चरबी सहसा साचतच नाही. दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांची लिमा चालू सापडते.

हे लक्षात आलं की पुढचं सगळं सरळ होतं. रोग एका जागी, आखूड आणि सुटसुटीत असेल तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनचं कारण नाही, स्टेंट उत्तम. रोग तिन्ही नळ्यांत, लांबवर पसरलेला, फाट्यांवर, चुना साचलेला असेल, तर बायपासचं पारडं जड होत जातं. हे मोजायला डॉक्टर 'सिंटॅक्स स्कोअर' काढतात: २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम, ३३ आणि पुढे जास्त. ज्या चाचणीतून, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासातून, हे नाव आलं, तिच्यात तिन्ही नळ्यांचे किंवा लेफ्ट मेनचे १,८०० रुग्ण होते. स्कोअर कमी असलेल्यांत पाच वर्षांनी दोन्ही उपचार जवळपास सारखेच ठरले. स्कोअर चढत गेला तशी बायपास पुढे गेली. तुमच्या रिपोर्टवर हा आकडा नसेल तर विचारा. तो काढायला डॉक्टरांना थोडाच वेळ लागतो.

मधुमेह असेल तर

इथे मला जास्त थांबायचंय, कारण आपल्या घरांशी याचा थेट संबंध आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेहात नळ्या बारीक असतात, रोग लांबवर पसरतो, आणि एक जागा उघडली तरी दुसरीकडे तो चालूच राहतो. पाटाच्या वरच्या अंगाला गाळ येतच राहणार, हे जवळजवळ ठरलेलं.

२०१२ मध्ये 'फ्रीडम' चाचणीचे निकाल आले. मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्यांत ब्लॉक असलेले १,९०० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला औषधी स्टेंट, दुसऱ्याला बायपास. पाच वर्षांनी स्टेंटच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण दगावले होते, बायपासच्या गटातले १०.९ टक्के. हार्ट अटॅक १३.९ विरुद्ध ६ टक्के. एका बाबतीत चित्र उलटं होतं: पक्षाघात स्टेंटमध्ये २.४ टक्के, बायपासमध्ये ५.२ टक्के. हा धोका लपवून कुणी बायपासची बाजू मांडू नये. पण सगळं तोलून पाहिलं तर, मधुमेह असलेल्या आणि दोन-तीन नळ्या खराब असलेल्या माणसाची तब्येत ऑपरेशन झेपेल अशी असेल, तर त्याने सर्जनला भेटल्याशिवाय तीन-चार स्टेंट घालून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर स्टेंट सुधारले, हेही खरं. 'फेम ३' या चाचणीत नवे स्टेंट, आणि तेही नळीतला दाब मोजून, गरज असेल तिथेच टाकले. पहिल्या वर्षी बायपास पुढे होती. २०२५ मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निकालात मृत्यू, पक्षाघात आणि अटॅक एकत्र मोजले तर दोन्ही गटांत ठळक फरक राहिला नाही. अटॅक आणि पुन्हा प्रोसिजर करावी लागणं मात्र स्टेंटच्या गटात जास्तच होतं. म्हणजे दरी अरुंद झालीय, बुजलेली नाही.

हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं ते) खूप कमी, म्हणजे ३५ टक्के किंवा त्याखाली असेल तेव्हाही फरक दिसतो. अशा १,२१२ रुग्णांच्या 'स्टिच' चाचणीत दहा वर्षांनी नुसत्या औषधांवरचे ६६ टक्के रुग्ण गेले होते, बायपास झालेले ५९ टक्के. अशाच कमी पंपिंगच्या रुग्णांत स्टेंट टाकून आयुष्य वाढतं का, हे २०२२ मध्ये 'रिव्हाइव्ह्ड' चाचणीत पाहिलं, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. लेफ्ट मेनबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. बाकीच्या नळ्या बऱ्या असतील तर स्टेंट चालतो, रोग पसरलेला असेल तर बायपास, एवढं ढोबळमानाने धरून चालावं.

बायपासचा भार

बायपासनंतरचे पहिले तीन महिने घरच्यांनी समजून घेतले पाहिजेत. छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि ते पूर्ण जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, पाण्याची बादली उचलायची नाही, हाताला जोर देऊन पलंगावरून उठायचं नाही, स्कूटर चालवायची नाही. शीर काढलेल्या पायाला सूज येते. दोन-तीन दिवसांनी हृदयाचे ठोके अनियमित होणं हे तर चौघांतल्या एकाला तरी होतं आणि बहुधा औषधाने आटोक्यात येतं. कित्येकांना काही आठवडे उदास वाटतं, भूक लागत नाही, झोप उडते. माणूस आळशी झालाय असं समजू नका, शरीर भरून येत असतं.

ठरवून केलेल्या बायपासमध्ये, बाकी तब्येत ठीक असेल तर, शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात. वय ऐंशीच्या पुढे, मूत्रपिंडं थकलेली, फुप्फुसं खराब, आधी पक्षाघात झालेला, अंगात ताकदच नाही, अशा वेळी हा धोका कितीतरी वाढतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी आज एवढी जोखीम घ्यायची का, याचं उत्तर ८४ वर्षांच्या आजोबांसाठी वेगळं आणि ५५ वर्षांच्या मावशींसाठी वेगळं. आजोबांच्या बाबतीत मुख्य नळीत एक-दोन स्टेंट घालून छातीतलं दुखणं थांबवणं हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

बायपासही कायमची नसते. पायातल्या शिरा धमनीचा दाब वर्षानुवर्षं सोसत राहतात आणि दहा वर्षांत त्यातल्या जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचं उदाहरण सार्वजनिक आहे. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची पहिली बायपास झाली, २००४ मध्ये दिल्लीत अँजिओप्लास्टी, आणि २४ जानेवारी २००९ ला दिल्लीच्या एम्समध्ये दुसरी बायपास. ती मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने केली. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. काही महिन्यांत ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ९२ व्या वर्षी गेले. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही उपचार आपापल्या वेळी कामी आले.

तिसरा पर्याय: दोन्ही नाही

"नव्वद टक्के ब्लॉक आहे, कधीही अटॅक येईल" हे वाक्य ऐकून लोक घाबरून सही करतात. पण बरेचसे अटॅक सर्वांत अरुंद जागी येत नाहीत. चाळीस-पन्नास टक्क्यांचा, वरून साधा दिसणारा चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर गुठळी बनते आणि नळी बंद पडते. म्हणून अरुंद जागा उघडली म्हणजे अटॅक टळला असं होत नाही. २००७ च्या 'करेज' चाचणीत हेच दिसलं. पुढे ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या 'इस्किमिया' चाचणीत, जिच्यात भारतातलेही रुग्ण होते, २०२० मध्ये पुन्हा तेच दिसलं. स्थिर दुखणं असलेल्यांना लगेच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. दुखणं मात्र कमी झालं. लेफ्ट मेनचा मोठा ब्लॉक किंवा फारच कमी पंपिंग असलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते, हे विसरू नये.

म्हणजे ज्याला त्रास कमी आहे आणि लेफ्ट मेन ठीक आहे, त्याने आधी अ‍ॅस्पिरिन, भरपूर मात्रेतलं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध), बीपी-साखरेची औषधं आणि तंबाखूबंदी यावर काही महिने राहून बघणं हा पळपुटेपणा नाही, तोही उपचारच आहे. औषधं घेऊनही जिना चढवत नसेल, तर स्टेंटचा उपयोग होतो.

पैसे आणि गोळ्या

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी एकेका स्टेंटचे लाखाच्या वर घेतले जायचे. दर पुढे बदलत गेले, नियंत्रण कायम आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवलेली असली पाहिजे. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर आपल्या फायलीत चिकटवून घ्या, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. भरती होतानाच त्यांना गाठा, डिस्चार्जच्या वेळी नाही.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने, अटॅकनंतर वर्षभर लागतात. दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय म्हणून मनानेच त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा अटॅक येऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. या गोळ्या वर्षभर नियमित घेणं किंवा परवडणं जमणार नसेल, किंवा लवकरच दुसरं मोठं ऑपरेशन ठरलं असेल, तर ते स्टेंट टाकण्याआधी सांगा. निर्णय त्यावरूनही बदलतो.

दुसरं मत घेताना

अँजिओग्राफीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नुसत्या छापील रिपोर्टवर सर्जन नीट मत देऊ शकत नाहीत, त्यांना नळ्या हलताना बघाव्या लागतात. सोबत टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि चालू गोळ्यांची यादी न्या. एक मत अँजिओप्लास्टी करणाऱ्या कार्डिऑलॉजिस्टचं आणि एक बायपास करणाऱ्या सर्जनचं, अशी दोन घ्या. दोन कार्डिऑलॉजिस्टची मतं घेतली तर अर्धंच चित्र दिसतं. काही रुग्णालयांत दोघं एकत्र बसून केस बघतात, तशी सोय असेल तर आग्रहाने मागा.

तिथे विचारायचं ते असं: लेफ्ट मेन किंवा एलएडीच्या सुरुवातीला ब्लॉक आहे का? सिंटॅक्स स्कोअर किती? पंपिंग किती? मधला, पन्नास-साठ टक्क्यांचा ब्लॉक असेल, तर त्याच्या पलीकडचा दाब मोजला का? अलीकडच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.८० च्या वर असेल तर बहुतेक वेळा त्या ब्लॉकला हात लावायची गरज नसते. स्टेंट किती लागतील आणि सगळे ब्लॉक उघडतील की काही राहतील? बायपास केली तर लिमा वापरणार ना? आणि पेशंटला स्वतःला विचारा, बाजूला घेऊन, मुलांनी सगळं ठरवून टाकण्याआधी: तुम्हाला काय हवंय? शेतात पुन्हा उभं राहायचंय, पुढच्या महिन्यातल्या लग्नात हजर असायचंय, की परत परत दवाखाना नको झालाय? सर्जनला हेही सांगा, ते ऐकून घेतात.